उलट्या काती

कारखान्याच्या खालच्या अंगाला नदीवर चतुर नुसते भिरभिरत होते, तांबडे, निळे, हवे तितके. तिनं मात्र एकदाही मान वर केली नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती लव्हाळ्याची एकेक काडी तपासत होती. उडणारा चतुर काय, पाहुण्यासारखा कुठूनही येतो. त्याचं पिल्लू मात्र पाण्यात वाढतं, काडीवर चढतं आणि कात टाकून उडून जातं. त्या वाळक्या काती मोजल्या की इथं जन्मलं कोण, ते कळतं. हे तिला कॉलेजात सरांनी शिकवलं होतं. आता तेच नदीच्या सर्वेक्षणाचे साहेब होते आणि ती त्यांच्या हाताखाली कामाला.

मागच्या खेपेला इथं एकही कात मिळाली नव्हती. यंदाही तसंच निघालं तर कारखान्याला सांडपाणी सोडणं बंद करावं लागणार होतं. तिचा दादा तिथंच कामाला. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस," तो सकाळीच म्हणाला होता.

"मासे उरलेत कुठं, दादा?" असं म्हणून ती निघाली होती.

आज तर काडीकाडीवर काती! तिला आनंद झाला, अगदी खरा. मग तिनं जवळून पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, जरा इकडे या."

सर पँट वर करून पाण्यात उतरले. "बघ, जिवंत झाली ना नदी? आकडा लिही, सही कर."

"सगळ्यांची डोकी खाली आहेत, सर. पिल्लू काडीवर चढतं, उतरत नाही. वरच्या ओढ्यातून आणून चिकटवल्यात या."

सरांनी वाकून पाहिलं. "गाढव आहे तो आपला ड्रायव्हर," ते पुटपुटले.

तिला रडूच आलं. कारखानेवाल्यांचं तिला काही वाटलं नसतं, पण सर!

"सही केली नाहीस तर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"ऑफिसात नाही येणार. नदीवर येईन. नदी काही ऑफिसच्या मालकीची नाही."

सरांनी एक कात उचकटली, सुलटी करून काडीवर दाबली. डिंक अजून ओला होता. कात त्यांच्या बोटालाच चिकटली. ते हात झटकत राहिले, ती सुटेना.

तिनं कागदावर ठळक शून्य काढलं, खाली सही केली आणि कागद सरांच्या दुसऱ्या हातात दिला.