एका घराचं एकच झाड

सुगंधाबाईंचं मोहाचं झाड मागच्या वादळात पडलं आणि त्यांच्या लेकाला, पियुषला, निमित्तच मिळालं. तो बल्लारपूरला नोकरीला. फोनवर म्हणाला, "आता झाडच नाई तं तिथी एकटी काय करशील? या रविवारी न्याले येतो, कपडे भरून ठेव." कपड्यांसाठी मोठी थैलीसुद्धा कुणाच्या तरी हाती पाठवली. बाई मला म्हणाल्या, "जवळचं झाड भेटलं तं नाई जात. नाई भेटलं तं त्याले काय सांगू?" मला रडूच आलं. शेजारी राहून माझं अर्धं आयुष्य गेलं, आता भांडायचं तरी कुणाशी?

आमच्या गावची रीत अशी, की फाल्गुनात जो ज्या मोहाखालचा पालापाचोळा झाडून काढेल, त्या झाडाची गळणारी फुलं त्या मोसमात त्यानंच वेचून विकायची. झाडलेलं झाड मागायचं नाही, मागणाऱ्याला लोक नावं ठेवतात. आणि एका घराचं एकच झाड. दुसऱ्या झाडाखाली खराटा फिरवला, की पहिलं आपोआप मोकळं.

यंदा मोकळं उरलं ते फक्त टेकडीपलीकडचं. जो तो बाईंना तेच सुचवत होता. ज्या बाईला देवळापर्यंत जायला काठी लागते, तिला हे शहाणे टेकडी दाखवतात! बाईंना झेपेल असं एकच झाड, देवळामागचं, आणि ते गोपालनं झाडलेलं. मी तणतणत त्याच्या घरी गेले. मागितलं नाही, नुसतं सुनावलं.

"गोपालभाऊ, तुमचे पाय तं धड हायेत ना?"

"हायेत. पन सकाळी गाईचं दूध पिळाचं असते, टेकडीपल्याड कसा जाऊ? तुमी नाल्याचं झाड सोडा वहिनी, मी तिथी जातो. देवळामागचं बाईले होऊन जाईन."

मी तशीच मागे फिरले. नाल्याचं झाड आमचं. ते सोडून मी कुठं जाऊ? तलावापर्यंत जाईन एक वेळ, पण तिथलं झाड रोशननं झाडलेलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं सोपं असतं, स्वतःच्या घरावर ठेवायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते.

घरी आले तर आमची दिव्यानी, अकरावीत आहे, मी सकाळीच सारवलेल्या अंगणात खडूनं रेघोट्या मारत बसलेली.

"हे काय करून राह्यली?"

"जोड्या लावून राह्यली. सरानं शिकवलं. हे पाह्य, इकडे घरं, तिकडे झाडं. ज्या घराले जे झाड जमते, तिथी बारीक रेघ. ज्यानं जे झाडलं, ती रेघ जाड."

तिनं बोट बाईंच्या घरावर ठेवलं आणि बारीक रेघेवरून देवळामागच्या झाडावर नेलं. तिथून जाड रेघेनं गोपालच्या घरी, बारीक रेघेनं नाल्याच्या झाडावर. मग आमचं घर, तलावाचं झाड, रोशनचं घर, आणि शेवटी टेकडीचं झाड. त्याला एकही जाड रेघ नव्हती.

"शेवटी मोकळं झाड भेटलं ना? आता या वाटेवरच्या बारीक रेघा जाड कराच्या आन जाड पुसाच्या. सगळ्यायले झाड भेटते. बाईलेबी."

"पन पयले सोडन कोन?" मी विचारलं. खरी गोम तिथंच होती. गोपाल माझ्याआधी सोडणार नाही आणि मी रोशनच्या आधी सोडणार नाही.

"गोपालकाकापासून सुरूच नको करू. मोकळ्या झाडापासून कर. रोशनदादानं टेकडीचं झाडलं का तलावाचं मोकळं. मग तू, मग काका. कोनी काई मागाचं नाई, कोनी काई द्याचं नाई."

म्हणजे मी भांडायला चुकीच्या घरी गेले होते.

रोशनकडे मोटरसायकल आहे. टेकडीचं झाड मोकळं आहे, एवढंच मी त्याच्या कानावर घातलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "त्या झाडाले फुलं लय येतात म्हनतात. चालते, पाहून घेतो." दुपारीच जाऊन झाडून आला. मग मी तलावाचं झाडलं. गोपालनं नाल्याचं झाडलं आणि येताना मला म्हणाला, "एवढंच होतं तं माह्यावर काऊन भडकल्या वहिनी?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

सगळ्यात शेवटी बाई देवळामागे गेल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात खराटा. कुणाला हात लावू दिला नाही. मी लांब उभी राहून पाहत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

रविवारी पियुष आला तोवर फुलं गळायला लागली होती. घराला कडी पाहून तो देवळामागे आला. मी बाईंबरोबर तिथंच होते.

"आई, चाल ना. थैली भरली का?"

"भरली," बाई म्हणाल्या आणि बुंध्यामागून त्यानंच पाठवलेली थैली ओढून काढली. त्यानं उचलली. एकही कपडा नव्हता, गळ्यापर्यंत मोहाची फुलं होती.

"घेऊन जाय पोरायले," बाई म्हणाल्या. "आन थैली वापस आनून दे. अजून लय गळाची हायेत."