मीटरले काय कळते

आमच्या सोनाळ्यात माह्या शेंगदाण्याच्या चटणीचं नाव हाय. पाट्यावर वाटलेली, म्हणून. आन् मी ती दोन वर्षांपासून मिक्सरमधून काढते. खांदा गेला ना बाप्पा! मिक्सर गव्हाच्या कोठीत लपवलेला. नवऱ्याले, अर्जुनरावले, पत्ता नाई. थोरल्या जावेले, गोजरबाईले, तं कळूच द्याचं नव्हतं. तिच्यासमोर मी छाती ठोकून सांगितलेलं, "मिक्सरची चटणी म्हणजे भुसा!"

दिवाळीच्या आधी मुजम्मिल वायरमन नवीन स्मार्ट मीटर बसवाले आला. म्हणे, "काकू, मोठं हुशार मीटर हाय. हरेक यंत्राची वीज खायची चाल अलग. फ्रिज घडीघडी चालू-बंद होते, हीटर एकदम वर जाऊन बसते. नीट पाह्यलं तं घरात काय चालू हाय ते ओळखू येते."

मी जाऊन कोठीचं झाकण आणखी घट्ट लावलं.

अर्जुनरावले तं खेळणंच भेटलं. मोबाईलवर मीटरची रेघ पाहून विचारे, "सकाळी हीटर लावला होता ना? दुपारी इस्त्री?" बरोबर निघे! माणूस मिशीले ताव देत गावभर फिरे. मी भेवानं आठ दिवस चटणी केलीच नाई.

पण सीतादहीचा दिवस आला. पहिल्या वेचणीले कपाशीची पूजा करून वावरात दहीभात खायचा, आन् संगं माही चटणी, हे ठरलेलं. औंदा बीटीच्या बोंडातही अळी शिरली, निम्मी कपाशी गेली. वेचणाऱ्या बायकायले घास तरी चांगला द्यावा म्हटलं. सकाळी पाट्यावर बसली, दोन हात मारले, खांद्यानं रडवलं. शेवटी अर्जुनराव वावराकडे निघाल्यावर दार लावून मिक्सर फिरवलाच.

वावरात पंगत बसली. गोजरबाई बोट चाटत म्हणे, "पाट्याची चवच न्यारी वं!" तेवढ्यात अर्जुनरावनं चष्मा चढवला, मोबाईल काढला. "सकाळी साडेसहाले आपल्या घरी काय चालू होतं, सांगू का?"

"तुम्ही काऊन सांगता? मीच सांगते!" मी उठलीच. "मिक्सर! दोन वर्षांपासून मिक्सर! खांदा गेला माहा!"

गोजरबाईनं चाटतं बोट खाली घेतलं.

"अवं, मी तं हीटर म्हणणार होतो," अर्जुनराव म्हणे. "हे मीटर अर्ध्या-अर्ध्या घंट्याचं एकत्र दाखवते. तुहा दोन मिनटाचा मिक्सर त्याच्यात कुठं दिसते?"

गोजरबाईनं मले दोन्ही तळहात दाखवले. घट्टे पडलेले. "सत्यभामा, तुह्या नादानं मी चांगला मिक्सर माळ्यावर टाकला! दोन वर्षं पाटा घासून राह्यली मी! तरी तुह्यासारखी चव येईना!"

आन् तीच आधी हसली. मंग सारं वावर हसलं. मले तं इतकं हलकं वाटलं, की मी दहीभात दोनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई दाणे-मिरच्या घेऊन हजर. "काढ तो कोठीतून." मिक्सर ओट्यावर मांडला, दार सताड उघडं. ओसरीतून अर्जुनरावनं मोबाईल पाहत विचारलं, "आता काय चालू हाय वं?"

"मिक्सर!" दोघीही ओरडलो. "आन् आज अर्धा घंटा चालवतो, दिसते का पाहा!"