चतुर्थीचं पाणी

“काय पंचांगबाई, आज काय आहे?” वाळूवर चटई अंथरता अंथरता मनोरमानं विचारलं.

“संकष्टी,” सुचेता म्हणाली.

“घ्या! अंदमानला आलो तरी हिची संकष्टी आपल्या मागोमाग विमानात बसून आली.”

ममता खो खो हसली. लखनौहून मीरा रोडला येऊन तिला वीस वर्षं झाली होती. मराठी बोलायची, पण आपल्या चालीनं. “अरे सुचेता, इकडे तुझा बाप्पा पण छुट्टीवर असेल. नारियल तर चालतो ना?”

“चालतो की.” सुचेतानं शहाळं हातात घेतलं, दोन थेंब वाळूवर सोडले आणि मगच तोंडाला लावलं.

चौघी एकाच बिल्डिंगमधल्या. मनोरमा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, आवाज अजून ऑपरेटरचा. ममताचं घर सुचेताच्या समोरचं. क्षितिजा सगळ्यांत लहान, एका टूर कंपनीत कामाला. तिकिटांपासून होडीपर्यंत सगळं तिनंच जमवलं होतं. आणि सुचेता शाळेच्या ऑफिसात क्लार्क. तीस वर्षं दाखले लिहिले, पण नवऱ्यामुलांशिवाय कुठं राहिली नव्हती. दोन हजार आठच्या त्या फेब्रुवारीत सुभाषनं, तिच्या नवऱ्यानं, स्वतः तिची बॅग भरली. म्हणाला, “जा. समुद्र बघून ये.”

समुद्र बघून ये! ते ऐकून तिला हसू आलं होतं.

होडीवाल्यानं सकाळी आठला त्यांना एका छोट्या बेटावर सोडलं. समोर हाकेच्या अंतरावर दुसरं बेट, आणि दोन्हींच्या मधे पांढऱ्या वाळूची वाट, दोन्ही बाजूंना निळं पाणी. “बारह बजे आएगा। पानी देख के उधर जाना,” एवढं सांगून तो गेला. मनोरमा म्हणाली, चला पलीकडे, तिकडं सावली चांगली आहे. चपला हातात घेऊन चौघी त्या वाटेनं पलीकडे आल्या.

सुचेता बिनघोर आली होती. कारण तिनं मनातल्या मनात हिशोब केला होता. चतुर्थी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ; चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला पुरती ओहोटी. अकरापर्यंत काळजी नाही.

हा हिशोब तिला शाळेत कुणी शिकवला नव्हता. भायंदरच्या कोळीवाड्यात, सहा वर्षांची असताना, आईनं शिकवला होता. आई म्हणायची, “तिथी इसरू नको गो पोरी. देवाला बी लागते, पाण्याला बी लागते.” रोज पहाटे खाडीला हात जोडल्याशिवाय आईच्या, शांताबाईच्या, तोंडात पाणी जात नसे. सुचेताचे उपास, दिवा, तुळशीला पाणी, सगळं तिथून आलेलं. बिल्डिंगमध्ये मात्र सगळ्यांना वाटे, हे सासरचं सोवळं.

तो समज सुचेतानं कधी मोडला नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी एकच सांगितलं होतं, “माहेर काढू नकोस चारचौघांत.” सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली. सवय राहिली. ती माहेरी जायची ती एकटीच, बस पकडून.

पण एक रविवार तिला झोपू देत नसे. मनोरमा आणि ममता तिला ओढून मासळी बाजारात घेऊन गेल्या होत्या. “तू खात नाहीस, पण पिशवी तर धरशील!” आणि थेट थांबल्या त्या शांताबाईच्या फळीसमोर. त्यांची नेहमीची मासेवाली. मनोरमा पापलेटवरून घासाघीस करत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती बोलली, “मावशी, द्या ना जरा कमी करून.”

शांताबाईनं मान वर केली. क्षणभरच. मग कोयता पापलेटावर ठेवत म्हणाली, “तू बोलतेस म्हणून देते, ताई.”

ताई. स्वतःच्या लेकीला. त्या दिवसापासून दर वेळी आईनं ते नाटक अचूक निभावलं. एका शब्दानं कधी बोल लावला नाही. सुचेताला तेच जास्त लागे.

“सुचेता, कुठं हरवलीस? झोप काढ जरा,” क्षितिजा टोपी तोंडावर ओढत म्हणाली.

नऊ वाजत आले होते. सुचेताची नजर वाळूच्या वाटेवर गेली आणि तिथंच खिळली. येताना जिथं क्षितिजानं बोटानं चौघींची नावं लिहिली होती, तिथं आता पाणी होतं. फेसाची रेघ आत सरकत होती. कोरड्या वाळूवरचे खेकडे एकेक करून बिळात चालले होते.

ही ओहोटी नव्हे. पाणी केव्हाच फिरलंय.

हिशोब कुठं चुकला? चतुर्थी तर नक्की. मग तिला कालची संध्याकाळ आठवली. रोजच्या वेळेला, पावणेसातला, दिवा लावायला उठली, तर बाहेर मिट्ट काळोख. दिवेलागण चुकली म्हणून ती हळहळत बसली होती. आणि आज पहाटे पावणेसहालाच उजाडलं! हातावरचं घड्याळ मीरा रोडचं. इथला सूर्य तास-सव्वा तास आधी येतो. सूर्य आधी, चंद्र आधी, तर पाणी कशाला थांबेल घड्याळासाठी? आई पाऊणपट सांगायची ती भायंदरच्या खाडीची. दुसऱ्या समुद्राला सुचेतानं ती तशीच लावली होती.

“उठा,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता पलीकडे जायचं.”

“काय गं, भूक लागली का?” मनोरमा हसली. “बाराला येणारे तो.”

“पाणी चढतंय. अर्ध्या तासात त्या वाटेवर गुडघाभर होईल, तासाभरात कंबरभर, आणि ते दोन्ही बाजूंनी ओढतं. ममताचा गुडघा दुखरा, कुणाला पोहता येत नाही.”

“अगं, चार बोटं पाणी आहे! उपासानं गरगरतंय तुला. तुला काय कळतं समुद्रातलं? तू दाखले लिहिणारी बाई!”

सुचेता उभीच राहिली. पाण्याकडे बघितलं. मग मनोरमाकडे. तिचा आवाज एरवी असतो तसाच हळू होता, पण त्यात कंप नव्हता.

“कळतं मला. भायंदरच्या कोळ्याची मुलगी आहे मी. बाप होडीवर होता. आणि आई... मनोरमा, तू अकरा वर्षं पापलेट घेतेस ना जिच्याकडून, ती शांताबाई. ती माझी आई.”

क्षितिजानं तोंडावरची टोपी काढली. ममताच्या हातातलं शहाळं तसंच राहिलं.

“तिनं मासे विकून मला बी. ए. केलं,” सुचेता म्हणाली. “पाणी वाचायलाही तिनंच शिकवलं. आता उठा.”

तिघी उठल्या. सुचेतानं साडी वर घेतली, पायांमधून ओढून मागं घट्ट खोचली. कासोटा कसा घालायचा ते हातांना अजून आठवत होतं. पुढं ती, तिच्या खांद्यावर ममताचा हात, शेजारी एका हातानं डोक्यावरच्या पिशव्या धरलेली मनोरमा, शेवटी क्षितिजा. मधोमध आल्या तेव्हा पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं आणि पायाखालची वाळू सरकत होती. “पाय उचलू नका, घासत चला. पाण्याकडे नको, समोरच्या झाडाकडे बघा.” ममता रामनाम जपत होती. मनोरमा एकदा हेलपाटली. सुचेतानं तिच्या मोकळ्या हाताचं मनगट धरलं ते किनारा लागेपर्यंत सोडलं नाही.

पलीकडे पोचून मागं पाहिलं, तेव्हा वाट पुसट झाली होती. दहापर्यंत तर दिसेनाशीच झाली. दोन बेटं, मधे वाहतं पाणी.

मनोरमा ओल्या साडीनंच वाळूवर बसली. मग म्हणाली, “सुचेता, मी तिला एकदा चोर म्हणाले होते गं. तुझ्यासमोर.”

“माहीत आहे.”

“आणि तू काही बोलली नाहीस!”

“मी तर त्याहून वाईट बोलले होते. मावशी म्हणाले होते तिला,” सुचेता म्हणाली, आणि कासोटा सोडून ओली साडी पिळू लागली.

परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी चौघी भायंदरच्या बाजारात गेल्या. शांताबाई आपल्या जागी होती. शहात्तर वर्षांची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कोयता. चौघींना बघताच तिनं नेहमीसारखी सुचेतावरची नजर काढून घेतली.

“या ताई, या. पापलेट ताजा हाय.”

सुचेता फळीला वळसा घालून आत गेली. बर्फाच्या पाण्यानं ओल्या झालेल्या फरशीवर आईशेजारी बसली. “आये, सरक जरा.”

शांताबाईचा हात थांबला. तिनं त्या तिघींकडे बघितलं, मग लेकीकडे. “उठ गो. साडी खराब व्हईल.”

“होऊ दे.”

मग मनोरमानं पुढं होऊन विचारलं, “मावशी, काय भाव?” शांताबाईनं सांगितला. मनोरमा मुकाट्यानं पर्स उघडू लागली, तशी म्हातारी भडकली. “आं? येवड्यात संपली तुजी? घासाघीस कर की गो बाय! न्हायतर मना धंद्याची मजा न्हाय.”

ममताला हसू आवरेना. मनोरमा डोळे पुसत भाव पाडायला लागली, आणि शांताबाई एक पैसा सोडेना.

गिऱ्हाईक आटोपल्यावर तिनं हलकेच विचारलं, “तिकडं पाणी कवा चढला?”

“आपल्या हिशोबाच्या दीड तास आधी, आये. मी फसले.”

“मंग सूर्य बी आधी येत असंल तिकडं,” शांताबाई म्हणाली. एकदाही जागची उठली नाही, भायंदर सोडून कुठं गेली नाही, आणि हे तिला लगेच उमगलं.

सुचेतानं मान वर करून मैत्रिणींकडे पाहिलं. ऐकलंत ना, असं.

शांताबाईनं हात पदराला पुसले. मग स्वतःखालचं गोणपाट ओढून काढलं, त्याची घडी उलगडली आणि अर्धं लेकीच्या बाजूला सरकवलं.