तीन कुलपांची पेटी

मित्रांनो, आधी हसून घ्या. माझ्या अंगावरचे हे दोन रिकामे कोयंडे बघून सगळीच मुलं हसतात आणि त्यात बोट घालून बघतात. मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझा रंग हिरवा होता, आता तो कोपऱ्याकोपऱ्यात तेवढा उरला आहे. पुंडलिकनगरात कालिंदीबाईंच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा आहे. एके काळी मला एक नाही, चांगली तीन कुलपं होती आणि त्यांचा मला भारी तोरा होता. तो कसा उतरला, ते आज सांगते.

शहराच्या जुन्या भागात एका पेटीवाल्या चाचांच्या दुकानात मी घडले. कालिंदीबाई माप द्यायला आल्या आणि म्हणाल्या, झाकणाला तीन कोयंडे बसवा. चाचांनी हातोडी खाली ठेवली. "तीन ताले कायको बाई? निजाम का खजाना रखते क्या?"

कालिंदीबाई शाळेत शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नीट समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "खजिना कसला हो? बुवा-माताजींनी फसवलेल्या बायकांसाठी मदत गोळा करतेय. लोकांचा पैसा आहे, एकीच्याच हातात नको." चाचांनी थोडा विचार केला आणि तिसऱ्या कोयंड्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणजे माझ्यात पहिली मदत त्यांची पडली, असं मी मानते.

हे सगळं सुरू झालं ते सारजाबाईंमुळे. त्या शहराजवळच्या शेंद्रा गावच्या. पुंडलिकनगरात दारोदार भाजी विकायच्या. शेंद्र्याला कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा घराघरात सरकारचा मावेजा, म्हणजे भरपाई, आली आणि त्याच्या मागोमाग एक बुवाही आला. तो परातीतल्या पाण्यात बघायचा आणि सांगायचा, "हा काळ्या आईला विकून आलेला पैसा आहे. शाप उतरवल्याशिवाय लाभायचा नाही." जमीन दिल्याचं दुःख सगळ्यांच्याच मनात होतं, त्यामुळे त्याचं बोलणं लगेच पटलं. सारजाबाईंनी नोटा फडक्यात बांधून त्याच्या हातात दिल्या. त्यानं मंत्र म्हणून ते गाठोडं तुळशीखाली पुरलं. एकवीस दिवसांनी उकरलं तर आत वर्तमानपत्राचे तुकडे होते.

पोलिसांत तक्रार झाली. पण बुवा सापडेपर्यंत घरात खायचं काय? जो तो येऊन विचारायचा, "एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?" पसाभर पीठ कुणी आणलं नाही. हे कालिंदीबाईंना फार लागलं. त्यांनी गल्लीतल्या घरांतून पैसे जमवले, सारजाबाईंना भाजीची गाडी घेऊन दिली, आणि उरलेले ठेवायला मला आणलं. दिलेले पैसे परत मागायचे नाहीत, असं पहिल्याच दिवशी ठरलं.

माझी एक किल्ली कालिंदीबाईंकडे, दुसरी सारजाबाईंकडे आणि तिसरी द्वारकाबाईंकडे. द्वारकाबाई सारजाबाईंच्या शेजारीण. त्यांनी बुवाला दारातसुद्धा उभं केलं नव्हतं. मावेजा सरळ बँकेत टाकला होता. बाई मोठी रोखठोक. जीभ अशी, की समोरच्याला घाम फुटावा. मला त्या फार आवडायच्या.

मी पाळीनं एकेक महिना तिघींच्या घरी राहायची. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी मला रिक्षात घालून कालिंदीबाईंकडे आणत. बायका जमत, तिघी आपापलं कुलूप काढत, मग मी उघडायची. आणि एक नियम होता. तो द्वारकाबाईंनी घातला होता.

"जिला मदत पाहिजे तिनं इथं समद्यांसमोर बोलायचं," त्या म्हणाल्या. "कुणी फसवलं, कसं फसवलं, सगळं. तोंड लपवलं की बुवा उद्या दुसरीच्या दारात."

नियम वाईट होता का? मला तरी तेव्हा वाटला नाही. बायका यायच्या, बोलायच्या, रडायच्या. एकीनं सांगितलं, की दुसरीला धीर यायचा. कुणाची शिलाई मशीन आली, कुणाच्या पोराची फी गेली, कुणाच्या घरात दोन महिन्यांचा किराणा पडला. लोक माझं कौतुक करायचे. माझी कुलपं कशी पक्की, माझा कारभार कसा चोख. मी तर फुगून गेले होते.

अशातच द्वारकाबाईंचा थोरला मुलगा रामकिसन जालना रोडवर अपघातात गेला. कंपनीतून घरी येत होता. द्वारकाबाई चार महिने बैठकीला आल्या नाहीत, किल्ली तेवढी सारजाबाईंच्या हाती पाठवायच्या. पाचव्या महिन्यात आल्या आणि पहिल्यासारख्याच बोलल्या. सगळ्यांना वाटलं, बाई सावरली.

पुढच्या मेमध्ये मी त्यांच्या घरी होते. धान्याच्या कोठीवर मला ठेवलं होतं. त्यांची धाकटी लेक बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. शहरात नर्सिंगला तिचं नाव लागलं होतं आणि जूनच्या दहा तारखेपर्यंत फी भरायची होती. पोरगी आनंदानं घरभर फिरत होती. आई मात्र तिच्याकडे बघत नव्हती.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. द्वारकाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. कमरेची किल्ली काढून त्यांनी आपलं कुलूप उघडलं. बाकीची दोन बंदच होती, त्यामुळे मी काही उघडणार नव्हते. त्यांना उघडायचीही नव्हती. त्या बोलण्याची तयारी करत होत्या. शनिवारी सगळ्यांसमोर काय सांगायचं, ते मला सांगून बघत होत्या.

"चिकलठाण्याला एक माताजी आली व्हती," त्या हळूच म्हणाल्या. "मेलेली माणसं तिच्या तोंडून बोलत्यात, असं कळलं. मी गेले. मला बी ठावं व्हतं, हे खोटं असतंय. तरी गेले. तिनं डोळे मिटले आन् म्हणाली, माय, मला इथं पाणी मिळंना. रामकिसन मला मायच म्हणायचा." त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग बाकीचं सांगितलं. त्याच्या पाण्यासाठी एक विधी, शांतीसाठी दुसरा, मग तिसरा. बँकेतला सगळा मावेजा गेला. लेकीची फीही त्यातच होती. शेवटी एक दिवस माताजीच्या खोलीला कुलूप दिसलं आणि शेजाऱ्यांनाही ती कुठं गेली ते माहीत नव्हतं.

त्यांनी ते सगळं तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा न रडता जमलं. मग त्यांनी माझं कुलूप लावलं आणि उठल्या. मला वाटलं, चला, शनिवारी पोरीचं काम होणार. माझ्यात तेवढे पैसे होते.

शनिवार आला. तिन्ही कुलपं निघाली, झाकण उघडलं. कालिंदीबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही अडचण?" द्वारकाबाईंचे ओठ हलले. मी बघत होते. तेवढ्यात सारजाबाई थट्टेनं म्हणाल्या, "द्वारकाबाई, आज कामून गप? तुमाला बी बुवा भेटला का काय?"

सगळ्या हसल्या. बिचाऱ्या सारजाबाईंच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. द्वारकाबाईही हसल्या. "मला कोण भेटतंय," म्हणाल्या आणि त्यांनीच आधी झाकण लावलं.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या पोटात पैसे तसेच राहिले आणि दहा तारीख निघून गेली. पोरगी शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. शेजारणी विचारायच्या, एवढे मार्क पडून शिकली का नाही? तेव्हा द्वारकाबाई सांगायच्या, "तिलाच शिकायचं नव्हतं." पोरीला खरं माहीत होतं. ती ऐकून घ्यायची आणि डबा उचलून कामाला जायची. पुढच्या वर्षी द्वारकाबाईंनी किल्ली परत केली. नजर कमी झाली, म्हणाल्या. कुणी जास्त विचारलं नाही. ती किल्ली कालिंदीबाईंनीच ठेवून घेतली. द्वारकाबाई बैठकीला यायच्या, पण दाराजवळ बसायच्या आणि लवकर उठायच्या. माझ्याकडे कधी बघायच्या नाहीत.

अशी अकरा वर्षं गेली.

एका शनिवारी साळूबाई नावाची एक बाई आली. मध्ये उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. सारजाबाई समजुतीनं म्हणाल्या, "बोल बाई, भिऊ नको. नियमच हाय तसा." ती मान खाली घालून दाराकडे वळली. दारात द्वारकाबाई होत्या. त्यांनी तिचा हात धरला.

"नियम माझा हाय," त्या म्हणाल्या. "मीच मोडते. पेटी उघडा. हिला काय बी इचारू नका."

कालिंदीबाई चकित झाल्या. "का हो, द्वारकाबाई?"

"माझी पोर शिकायला नको म्हणली नव्हती, ताई. तिच्या फीचे पैसे मी घालवले. रामकिसन बोलतोय म्हणून माताजीला दिले. किल्ली माझ्या कमरेला व्हती, आन् मला मागता आलं नाय."

सारजाबाईंना आपली ती थट्टा आठवतही नव्हती. मला आठवत होती. साळूबाईला पैसे दिल्यावर कालिंदीबाईंनी आणखी काही नोटा काढून द्वारकाबाईंच्या पुढे केल्या. त्यांनी त्या हातानं मागे सारल्या.

"त्या जूनमधी पाहिजे व्हत्या, ताई."

पुढच्याच आठवड्यात माझी दोन कुलपं काढली. आता मी कालिंदीबाईंकडेच असते. कुणीही केव्हाही यावं, स्वयंपाकघरात बसावं, एकीच्या कानात "मी फसले" एवढंच म्हणावं. बाकीचं सांगितलं तर सांगितलं. महिन्यातून एकदा द्वारकाबाईंची लेक येते. तिला आता दोन मुलं आहेत. पगारातले थोडे पैसे ती माझ्यात टाकते, फडक्यानं माझी धूळ पुसते आणि शिफ्टला जाते. तिच्यासमोर मला अजून मान वर करवत नाही.

माझा गंज काढा, मला रंग द्या, असं आम्ही जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी मागतो. मी ते मागत नाही. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत कुणी फसलं, तर "कसं फसलात?" हे मागाहून विचारा. आधी त्यांची चूल पेटली का, पोरांची फी भरली का, ते बघा. आणि नेहमी बोलणारं माणूस एखाद्या दिवशी गप्प बसलं, तर त्याची थट्टा करू नका. जवळ जाऊन बसा. काही कळलं, तर ज्यांना मदत करता येईल त्यांच्या कानावर घाला. त्या मेमधल्या दुपारी द्वारकाबाईंनी सगळं मला तीनदा सांगितलं होतं. शनिवारी ते सांगायला मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.