बाई रस्त्यावर आल्या

बर्फवालीने गाव रिकामं करण्याचा आराखडा केला, तेव्हा त्यातली सगळी घरं वेळेत रिकामी होत होती. एकच घर होत नव्हतं, आणि ते तिच्या आईवडिलांचं होतं.

बर्फवाली म्हणजे बेकरीवाल्यांची मुलगी. हिमनद्या मोजणं हे तिचं काम. ‘हिमनदीतज्ज्ञ’ हा शब्द गावात कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून तिची झाली बर्फवाली. गाव नदीकाठी होतं आणि ती नदी ज्या बर्फातून निघते तो वर डोंगरात, दिवसभराच्या चालीवर. दर वर्षी ती तिथे जाई, आणि दर वर्षी बर्फ आणखी मागे सरकलेला असे. त्याने मोकळ्या केलेल्या खळग्यात पाणी साचून एक मोठा तलाव झाला होता. दिसायला इतका सुंदर, की पहिल्यांदा बघणारा गप्पच व्हायचा. पण त्याला अडवून धरणारा बांध कुणी बांधलेला नव्हता. बर्फानेच पूर्वी कधीतरी ढकलत आणलेल्या दगडमातीचा तो ढिगारा होता, त्याच्या पोटातही बर्फ होता, आणि तोही वितळत होता.

“म्हणजे भिंतीतल्या विटाच विरघळायला लागल्यात म्हण की,” बाबा म्हणाले. ते कणीक मळत होते. बेकरी खाली, घर वर.

“तसंच काहीसं.”

“आणि समजा, सगळ्या जगाने उद्या तो धूर सोडणं बंद केलं, तर?”

“तर आणखी तापणार नाही, बाबा. पण तापलेलं लगेच निवायचंही नाही. तुमच्या भट्टीतली आग विझवली तरी विटा दुसऱ्या दिवसापर्यंत गरम असतातच ना? हे त्याहून पुष्कळ मोठं आहे. वरचा बर्फ अजून बरीच वर्षं वितळत राहणार.”

बाबांनी भट्टीकडे पाहिलं आणि मान हलवली. ते कमी बोलायचे. घरातलं बोलणं आईकडे होतं.

आई गावातल्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. आज ज्यांचे केस पिकलेत त्यांच्यापासून काल कॉलेजात गेलेल्यांपर्यंत सगळ्यांना त्यांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. गावात नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. बोलणं हळूहळू परत आलं, पाय आला नाही. तेव्हापासून त्या वरच्या मजल्यावरून उतरल्या नव्हत्या. खिडकीशी बसायच्या, पण पडद्याआड. रस्त्यावरून कुणी “बाई, बऱ्या आहात ना?” असं ओरडलं की आतून खणखणीत “हो!” यायचं, पण पडदा हलायचा नाही.

तलाव फुटला तर पाणी गावात पोहोचायला अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत जायचं. भिंतींवर बाण रंगवले होते, शाळेच्या छपरावर भोंगा बसवला होता आणि तलावाशी पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं होती. महिन्याआड सराव व्हायचा. सगळं ठीक, पण अरुंद जिना, वर बाई, आणि खाली साठी उलटलेले बाबा. हे गणित काही केल्या सुटत नव्हतं.

“आई, तू टेकडीवर मावशीकडे राहायला जा,” बर्फवाली म्हणाली.

“मी माझ्या घरातून कुठेही जाणार नाही.”

“मग निदान सरावाला तरी…”

“सराव! चौघांनी मला पोत्यासारखं उचलायचं आणि गावाने दुतर्फा उभं राहून बघायचं?” बाईंचा आवाज चढला. “ज्यांना मी पळायला शिकवलं, त्यांच्या खांद्यावरून जाऊ? पाणी आलं तर येऊ दे. माझं काय राहिलंय आता?”

बर्फवालीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून ती खाली निघून गेली. बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बेकरी बंद करून ते समोरच्या सलूनवाल्याकडे गेले.

सलूनवाला अंगाने आडवा, मनाने मऊ. शाळेत त्याची एकही फेरी कधी पुरी झाली नव्हती. दोघांनी मिळून एका जुन्या हाताच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी दांडे बसवले, पाठीला गादी लावली, कमरेला पट्टा लावला. तिसरा म्हणून पोस्टमनला घेतलं, कारण जिने चढण्या-उतरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि खुर्ची वर नेऊन बाबांनी ती बायकोसमोर ठेवली.

“हे काय आणलंत?”

“खुर्ची.”

“ते दिसतंय मला. कशाला?”

बाबा खाली बसले. बायकोचा लुळा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. हातांना पीठ होतं. “तू म्हणालीस, माझं काय राहिलंय. तुझं मला माहीत नाही. माझी तू राहिली आहेस,” ते म्हणाले.

बाई नाक ओढून म्हणाल्या, “फक्त जिन्यात. बेकरीचं शटर खाली ओढायचं. रस्त्यावर नाही. आणि लेकीला सांगायचं नाही, नाहीतर ती लगेच मोजायला बसेल.”

पहिल्याच दिवशी खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकली. पुढे होईना, मागे होईना. सलूनवाला भिंत आणि दांडा यांच्यात चेपून गेला.

“बाई, जरा दम घेऊ का?”

“आठवीत असताना हेच म्हणत होतास!”

सगळे इतके हसले की खुर्ची हातातून सुटायची वेळ आली. बाई हसता हसता एकदम रडायला लागल्या, आणि तिघेही खुर्ची तशीच पेलून उभे राहिले. घाई कुणीच केली नाही. डोळे पुसून झाल्यावर बाई म्हणाल्या, “वळणावर मागच्याने खुर्ची आधी उचलायची, पुढच्याने गुडघे वाकवायचे. शरीराचं वजन कमरेवर नाही, मांड्यांवर घ्यायचं. चला, पुन्हा.” त्या दिवसापासून शिकवणं त्यांनी आपल्याकडे घेतलं. बर्फवालीला यातलं काहीच माहीत नव्हतं. बेकरी दुपारची बंद का असते असं तिने विचारलं, तेव्हा बाबांनी “झोपतो हल्ली” असं सांगितलं.

त्या वर्षी उन्हाळा भलताच कडक होता. भोंगा दोनदा वाजला. एकदा यंत्राची बॅटरी बिघडली म्हणून, तर दुसऱ्यांदा बर्फाचा मोठा कडा तलावात कोसळून लाट उठली म्हणून. बांध टिकला. लोक धापा टाकत टेकडीवर गेले आणि पाय ओढत खाली आले. बेकरीचं दार मात्र दोन्ही वेळा उघडलं नाही. “बर्फवालीला करमत नसलं की भोंगा वाजतो,” असं चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, आणि ते गावभर झालं. तिने ऐकलं. ती म्हणाली, “फुकट गेलेल्या फेऱ्या मला चालतील.” पण रात्री जेवताना ती तेच घोळवत होती. तिसऱ्या वेळी लोक उठतील का?

तिसरी वेळ आली ती लख्ख उन्हाची दुपार होती. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. शाळेशेजारच्या निरीक्षण खोलीत बर्फवाली बसली होती. पडद्यावरची तलावाची पातळी उतरायला लागली. एक यंत्र बिघडू शकतं, म्हणून तिने दुसरं पाहिलं. तेही उतरत होतं. बांधाजवळचं तिसरं तर बंदच पडलं होतं. तिने भोंगा सुरू केला आणि पहिला फोन घरी लावला.

“बाबा, खरं आहे. या वेळी खरं आहे.”

“बरं,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

तिला पळत घरी जायचं होतं. पण नदीच्या खालच्या अंगाला आणखी वाड्या होत्या, तिथे फोन करणारं दुसरं कुणी नव्हतं. ती एकामागून एक नंबर लावत राहिली आणि खिडकीतून खाली बघत राहिली. भोंगा कान फाडत होता. काही माणसं टेकडीकडे निघाली होती, पण मोठ्या रस्त्यावर बरेच जण दारांत नुसते उभे होते. कुणी वर आकाशाकडे बघत होतं, कुणी हसत होतं. शाळेतले जुने मास्तर तर दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते.

आणि मग बेकरीचं दार उघडलं.

आधी सलूनवाल्याची पाठ बाहेर आली, मग दांडे, मग खुर्ची. खुर्चीत तिची आई होती. केस विस्कटलेले, अंगावर घरातला जुना गाऊन, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. मागे बाबा आणि पोस्टमन.

वरून बर्फवालीला आवाज ऐकू येत नव्हता. तिला एवढंच दिसलं की मास्तरांनी पेपर खाली ठेवला. खाली काय झालं ते नंतर सगळ्यांनी सांगितलं, अगदी शब्दांसकट. दोन वर्षांत ज्यांनी खिडकीचा पडदासुद्धा सारला नव्हता, त्या बाई गाऊनवर रस्त्यात आल्या होत्या. एवढं पुरे होतं. पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी डावा हात वर केला आणि मैदानावर लावायच्या तो आवाज लावला.

“बघताय काय? मी काय मिरवायला निघालेय? चला! मास्तर, पेपर टाका! ए, पेटी नको, पोरगी उचल! गुडघे वर घ्या, श्वास नाकाने!”

लोक पळाले. चाळिशीची, पन्नाशीची माणसं त्या आवाजाला शाळेतल्या पोरांसारखी पळाली. खुर्चीच्या दांड्यांना वाटेत हात लागत गेले. आधी दोन, मग चार, मग किती ते कुणालाच कळेना. चढावर सलूनवाल्याला धाप लागली, तेव्हा दुसऱ्याने त्याचा दांडा घ्यायला हात पुढे केला. त्याने दिला नाही.

पाणी आलं ते पाण्यासारखं दिसत नव्हतं. तपकिरी चिखलाची भिंत, तिच्यात झाडं आणि घराएवढाले धोंडे. आधी जमीन थरथरली, मग आवाज आला. पूल काडीसारखा मोडला. खालची आळी, सलून, बेकरी, वरच्या मजल्यावरची ती खिडकी, सगळं बघता बघता गेलं. मास्तरांचा पाय चढावर मुरगळला होता, कुणाचंतरी बाळ भोकाड पसरून रडत होतं. पण मोजदाद झाली तेव्हा गावातलं एकही माणूस कमी नव्हतं. खालच्या वाड्यांतूनही फोन आले. माणसं उंचावर होती.

शेवटचा फोन ठेवून बर्फवाली शाळेत धावली. बाई व्हरांड्यात त्याच खुर्चीत होत्या, भोवती ही गर्दी. तिने वाट काढली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. इतका वेळ कोरडा राहिलेला आवाज फुटला.

“आई, मला वाटलं, तू येणारच नाहीस.”

“मी नकोच म्हणाले होते,” बाई डाव्या हाताने तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. “केस तरी विंचरू द्या म्हटलं. ह्यांनी ऐकलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझं ऐकलं नाही ह्यांनी.”

बाबा कठड्याशी उभे राहून जिथे बेकरी होती तिकडे बघत होते. ते वळले. “आता परत ऐकेन,” ते म्हणाले.

बाई हसल्या, आणि हसणं मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, “भट्टी गेली ना हो?”

“गेली.”

“बसा इथे.”

ते शेजारी जमिनीवर बसले. कुणीतरी तिघांच्या अंगावर घोंगडी टाकून गेलं.

गाव पुन्हा नदीकाठी बांधलं नाही. टेकडीच्या खांद्यावर पत्र्याच्या खोल्या झाल्या, मग हळूहळू भिंती आल्या. बाबांनी दुसऱ्याच्या जागेत पाव भाजायला सुरुवात केली. आणि बाई आता रोज संध्याकाळी बाहेर पडत. खुर्चीला चाकं लावून घेतली होती. लोकांनी बघायचं ते एकदा बघून झालं होतं, त्यामुळे लाजायला काही उरलं नाही, असं त्या म्हणत.

पलीकडच्या खोऱ्यातही तसाच एक तलाव वाढत होता. पुढच्या उन्हाळ्यात बर्फवाली तिथल्या गावात सराव घ्यायला निघाली, तेव्हा बाई जीपमध्ये आधीच बसलेल्या होत्या.

“तू बर्फाचं सांग,” त्या म्हणाल्या. “माणसांचं मी बघते.”

त्या गावात सराव बरा झाला. सगळे पांगल्यावर एका घराच्या ओट्यावर काठी धरून बसलेली म्हातारी तेवढी राहिली. ती जागची हललीच नव्हती.

“मला नाही जमायचं,” ती म्हणाली. “उगाच लोकांना ताप.”

बाईंनी लेकीला खुणेने जायला सांगितलं आणि आपली खुर्ची ओट्याला टेकवून घेतली. “घरात कोण कोण असतं तुमच्या?” त्यांनी विचारलं.

म्हातारी आधी एकेका शब्दात सांगू लागली, मग जरा लांबवून. बर्फवाली जीपमध्ये जाऊन बसली. उन्हं कलली, वाट लांबची होती, पण तिने हॉर्न वाजवला नाही.