गळ्यातला लाल दोरा

फळीवर सहा बाटल्या होत्या. सहाही तीन लिटरच्या, पारदर्शक, एकाच पिवळ्या, गोड सोड्याच्या. पाच बाटल्यांत उकळून गार केलेलं पिण्याचं पाणी होतं. सहावी मी. मित्रांनो, माझ्यात कपडे धुण्याचं ब्लीच होतं.

मी आता जुनी, कापलेली बाटली आहे. कारखान्यात गरम हवेने फुगवून मला आकार मिळाला. मार्लेनीच्या लेकीच्या, सुलीच्या, बारशाला मी लिमा शहराच्या कडेच्या टेकडीवर, त्यांच्या पत्र्याच्या घरात आले. सोडा संपला, पण मला कुणी टाकलं नाही. जिथे टँकरचं पाणी साठवून वापरायचं, तिथे बाटली कोण टाकेल?

मग एकदा तीनचाकीवरून सुटं ब्लीच विकणारा आला.

"ताई, हे दुकानातल्यासारखं पाणचट नाही! ते पाच टक्के, हे दहा. तिथे एक झाकण टाकत असाल, तर इथे अर्धंच टाका."

"तुमच्या जिभेतच टक्के जास्त आहेत, दादा," मार्लेनी हसून म्हणाली आणि तिने मला पुढे केलं.

अर्ध्या झाकणात सुलीचे शाळेचे सदरे असे पांढरे निघाले की शेजारणी दोरीपाशी थांबून विचारू लागल्या. मला अभिमान वाटे. पण भीती त्याहून जास्त वाटे. मार्लेनीने माझ्या गळ्यात लाल लोकरीचा दोरा बांधला होता. "लाल दोरा दिसला की हात मागे. कळलं, सुली?" पाच वर्षांच्या सुलीला कळलं होतं. तरीही फळीकडे हात आला की मी धास्तावत असे. बाटलीला ओरडता येत नाही.

खिडकीतून माझ्यावर ऊन पडे. उन्हाने ब्लीचचं हळूहळू विघटन होतं आणि त्यातून वायू सुटतो. मी फुगले. झाकणाखालून थेंब पाझरून दोऱ्यावर उतरू लागले. लाल रंग गुलाबी झाला, मग पिवळट. ब्लीच लोकरही खातं. एका सकाळी दोरा तुटून फळीमागे पडला. तो फक्त मीच पाहिला.

त्या आठवड्यात सुलीची आत्या, हेरमेलिंदा, डोंगरातल्या गावाहून आली. लाल दोऱ्याचं तिला आल्याआल्याच सांगितलं होतं. सर्दीने तिचं नाक चोंदलेलं होतं. मार्लेनी बाहेर कपडे घासत होती, आणि सुलीला जांभळ्या मक्याचं सरबत हवं होतं.

"किती घट्ट केलंय हे! वहिनीचा हात साखरेला भलताच सैल," आत्या म्हणाली. "थांब, पाणी घालते."

तिचा हात फळीवरून फिरला आणि माझ्यावर थांबला.

सरबताचा जांभळा रंग क्षणात नाहीसा झाला. पेल्यात पिवळट पाणी उरलं.

"आत्या, तू रंग खाल्लास!" सुली खिदळली.

"अगं बाई! तुमच्या शहराचं पाणीच असलं मेलं!"

सुलीने पेला दोन्ही हातांत धरून हनुवटीपर्यंत नेला. पण सरबतात लिंबू पिळलेलं होतं. लिंबाचा आंबटपणा ब्लीचला मिळाला की विषारी वायू निघतो. तो निघाला. सुलीचे डोळे झोंबले, तिला ठसका लागला, चोंदल्या नाकाची आत्याही खोकू लागली. तो वास दाराबाहेर मार्लेनीपर्यंत गेला.

"टाक ते! सुली, टाक!"

आईच्या ओरडण्याने पोर घाबरली आणि तिने पेला आणखीच घट्ट धरला. मार्लेनीने तो फटक्यासरशी उडवला, सुलीला काखोटीला मारलं, नणंदेला ढकललं आणि तिघी उघड्यावर वाऱ्यात गेल्या.

दवाखान्यातल्या नर्सने सुलीचा घसा बॅटरीने पाहिला. "गिळलेलं नाही," ती म्हणाली. तेव्हा कुठे आत्याला रडू फुटलं.

"लाल दोरा नव्हता गं, वहिनी. शप्पथ, नव्हता."

मार्लेनीने तिचा हात धरला.

मला रिकामं करून कापलं. आता माझ्या तळात कपड्यांचे चिमटे राहतात. ब्लीच दुकानातून त्याच्याच पांढऱ्या, जाड, नाव छापलेल्या डब्यात येतं आणि दाराशेजारच्या नव्या फळीवर सावलीत राहतं.

मित्रांनो, पिण्याच्या बाटलीत ब्लीच भरू नका. ते किती ताकदीचं आहे, हे डब्यावर वाचल्याशिवाय वापरू नका. लिंबू, व्हिनेगर किंवा फरशीचं अॅसिड त्याच्या जवळही नेऊ नका. आणि ते उंच ठेवा.

काल मार्लेनीने सुलीला स्टुलावर चढवलं, चवड्यांवर उभं राहून हात वर ताणायला सांगितलं आणि शिवणाची टेप लावली. ब्लीचची नवी फळी एकशे साठ सेंटिमीटरवर आहे. सुलीचा हात एकशे त्रेसष्टपर्यंत पोचला.