मिटलेली लाल फांदी

पहिल्यांदा खटकली ती बांगडी. पौर्णिमेला विहारात जायचं म्हणून सावित्रीबाई हातातल्या जुन्या बांगड्या उतरवायला बसल्या, तर डाव्या हातातली एक निघेना. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. "परवा तर सरसर निघायली होती की गं," असं म्हणून त्या हसल्या. त्यांची लेक ज्योत्स्ना हसली नाही. ती माझ्यासमोर येऊन बसली, एक नवा गोल काढला आणि त्यात लिहिलं: मायची बांगडी निघंना.

तो गोल अजून माझ्यात आहे. मी डहाळी बोलतेय. कंपनीनं ठेवलेलं माझं नाव इंग्रजी आहे, लांबलचक आहे, आणि या घरात ते कुणाच्या तोंडी बसत नाही. मी संगणकावर चालणारा एक प्रोग्राम. मधोमध एक विषय लिहायचा, त्याला फांद्या फुटू द्यायच्या, फांद्यांना पुन्हा डहाळ्या. ज्याच्या डोक्यात गुंता झालाय तो माझ्यासमोर बसला की त्याचा गुंता त्याला डोळ्यांनी दिसतो. एवढंच माझं काम.

मी कुठल्या देशात, कुणाच्या हातून घडले, ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते उदगीरच्या कॉलेजातल्या संगणकाच्या खोलीत. मॅडमनी सगळ्या वर्गाला मला दाखवलं आणि सगळा वर्ग जांभया देत बसला. सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या भालकीहून बसनं येणारी एक मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन आली. "मॅडम, हे घरी नेलं तर चालंल का?" हे एवढं विचारायला तिला आदल्या दिवशी धीर झाला नव्हता.

ज्योत्स्ना घाबरट. खोटं कशाला बोलू? कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, मागून कुणी हाक मारली तर हातातलं पडतं. कुणाला फोन करायचा म्हटलं की आधी माझ्यात आखणी. मधोमध त्या माणसाचं नाव. एक फांदी नमस्काराची, एक कामाची, आणि एक 'ते रागावले तर' अशी. मग समोर बघून, फांदी-फांदी वाचत ती बोलायची, आणि समोरच्याला वाटायचं, किती धीट पोरगी आहे.

तिच्या आईला याची मोठी गंमत.

"लग्नाचं बी असंच गोलात काढशील का गं? नवऱ्याची फांदी कोण्या रंगाची?"

"तुला काय करायचंय माय?"

"सांग की. सासूची तेवढी काळी ठेव."

अशा घरात मी पाच वर्षं सुखानं राहिले. संगणक जुना होता. गावातला एक क्लास बंद पडला तेव्हा भीमराजांनी, म्हणजे ज्योत्स्नाच्या अप्पांनी, तो आणलेला. त्याच्या कळांवरची अर्धी अक्षरं आधीच्या पोरांच्या बोटांनी पुसून गेली होती. पण मला काय, मला जागा लागते किती.

आमच्या भालकीकडच्या माणसांची दुखणीसुद्धा दोन राज्यांत वाटलेली असतात. डोळे दाखवायचे उदगीरला, पोट लातूरला, आणि सरकारी कार्ड चालवायचं तर बिदर नाहीतर कलबुर्गी. जिकडची बस आधी येईल तिकडचा डॉक्टर खरा. म्हणून घरात कागदांच्या दोन पिशव्या असतात, एक इकडची, एक तिकडची. इकडचे कागद कन्नडात, तिकडचे मराठीत, औषधांची नावं दोन्हीकडे डॉक्टरच्या अक्षरात. या दोन पिशव्यांची गाठ कुठं पडत असेल, तर ती माझ्यात. मधोमध 'माय', डाव्या बाजूला कर्नाटक, उजव्या बाजूला महाराष्ट्र.

गेल्या वर्षी सावित्रीबाईंचा पाय पिकला होता. उदगीरच्या एका छोट्या दवाखान्यात त्यांना इंजेक्शन दिलं, आणि सुई निघाल्यावर चार-पाच मिनिटांत त्यांचे ओठ सुजले, घसा आवळला, डोळे पांढरे झाले. वाचल्या कशाबशा. निघताना तिथला कंपाउंडर बळीराम ज्योत्स्नाला दारापाशी थांबवून म्हणाला, "अक्का, कागद काय, हरवतोय. हे नाव ध्यानात ठेवा. हे इंजेक्शन मावशीला पुन्हा द्यायचं न्हाई. कवाच न्हाई." त्यानं नाव दोनदा सांगितलं. पाच अक्षरांचं नाव. उदगीर ते भालकी अख्ख्या बसभर ती ते पुटपुटत आली आणि पायातल्या चपलाही न काढता माझ्यात लिहून मोकळी झाली. लाल रंगात.

आणि विसरली.

तिला दोष देऊ नका. माझ्यात ठेवलं की ती विसरायची. विसरता यावं म्हणूनच तर ठेवायची. भीतीला कुठंतरी खाली ठेवल्याशिवाय माणसाला जेवण जात नाही, झोप येत नाही.

पुढं एकदा सावित्रीबाई खुर्चीमागं उभ्या राहून म्हणाल्या, "ते लाल मिटव गं बाई. मरणाचं नाव भिंतीवर टांगल्यासारखं वाटायलंय." ज्योत्स्नानं फांदी मिटवली. मिटलेल्या फांदीच्या टोकाला माझ्यात एक बारीकसा ठिपका उरतो. त्यावर बोट दाबलं की पुन्हा सगळं उलगडतं. त्यानंतर त्यावर कुणी बोट दाबलं नाही.

मी मोबाइलवर चालत नाही. हे माझं जन्मजात पांगळेपण. घराबाहेर पडली की ज्योत्स्ना माझ्याविना, म्हणजे अर्ध्या डोक्यानं फिरायची. बँकेत गेली की गप्प, मुलाखतीला गेली की गप्प. मोबाइलवर दुसरे किती प्रोग्राम तिनं घालून पाहिले. माझी फाइल त्यांच्यात उघडली की नुसती पांढरी चौकट दिसायची. मग तिनं कंपनीला लिहिलं: कृपा करून डहाळी मोबाइलवर आणा. अकरा वेळा लिहिलं. अकराही वेळा तेच उत्तर आलं: तुमची सूचना आम्ही नोंदवून घेतली आहे.

"वहीत लिहून ठेव की मग," भीमराज म्हणायचे.

"वहीतल्या फांद्या हलवता येत न्हाईत, अप्पा."

"झाड काय हलवायचं असतंय व्हय, येडे?"

बांगडीनंतर पंधरा दिवसांत सूज चेहऱ्यावर चढली. मग ताप. गावातल्या डॉक्टरनं पाहिलं आणि सांगितलं, इथं वेळ घालवू नका, कलबुर्गीला न्या. आज सकाळची गोष्ट ही. ज्योत्स्नानं इकडची पिशवी घेतली, तिकडचीही घेतली, आणि बाहेर भीमराज "बस निघायली, बस!" म्हणून हाका मारत असताना तिनं माझं एक चित्र काढून आपल्या मोबाइलवर घेतलं. तिला वाटलं, सगळी डहाळी बरोबर आली.

पण मिटलेली फांदी मी चित्रात घेत नाही. समोर जेवढं उघडं असतं तेवढंच घेते. माझं घडणंच तसं. तेव्हा ओरडता आलं असतं तर ओरडले असते. ती मला चालू ठेवूनच पळाली.

दोघींना बसमध्ये बसवून भीमराज परत आले. त्यांना साखर कारखान्यात पाळीवर जायचं होतं. हंगाम चालू असला की सुट्टी मिळत नाही, आणि बॉयलरपाशी मोबाइल नेऊ देत नाहीत. "दाखवून सांजच्याला येतो म्हणल्यात," असं स्वतःशीच बोलत त्यांनी आपला मोबाइल माझ्या संगणकाला तारेनं जोडून चार्जिंगला लावला, दार नुसतं पुढं लोटलं आणि गेले. आता ते चार वाजता येतील.

साडेबाराला मोबाइल वाजला. पडद्यावर ज्योत्स्नाचा फोटो. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मग एकामागून एक संदेश येऊ लागले. आम्ही दोघं एकाच तारेनं बांधलेले, त्यामुळं त्याच्यावर आलेलं मला कळत होतं. माझ्यातलं मात्र त्याच्याकडं जात नव्हतं.

अप्पा फोन उचला.

अप्पा मायला ताप लई चढलाय. इंजेक्शन द्यायचं म्हणायलेत.

उदगीरचं नाव आठवंना. चित्रात न्हाई. लाल फांदी मिटलेली ऱ्हायली. उघडून नाव वाचा.

बळीरामभाऊचा फोन लागंना. कारखान्याच्या गेटवर कोणी उचलंना.

अप्पा, डॉक्टर म्हणायलेत, त्याच जातीची चार औषधं हाईत, त्यातलं कोणतं ते सांगा. न देता बी जास्त वेळ थांबता येत न्हाई.

ती हे कशी लिहीत असेल, मला ठाऊक आहे. समोर फांद्या नाहीत, नमस्काराची नाही, 'ते रागावले तर'ची नाही. परक्या गावात, परक्या वऱ्हांड्यात, नुसती ती आणि तिची भीती. आणि ते नाव माझ्याजवळ आहे, पाचही अक्षरं, एका ठिपक्याच्या आत.

तेवढ्यात लोटलेलं दार उघडलं आणि दारात सोजराबाई दिसल्या. शेजारच्या. त्यांचं घर आणि आमचं घर एका भिंतीचं. त्यांचे मालक किशनराव ऊस लावतात. बाई मनानं चांगल्या. हुरडा आला की वाटीभर आणून देतात, पण उंबऱ्यावरून. सावित्रीबाई सुरुवातीला "आत या की" म्हणायच्या, तर त्या म्हणायच्या, "बसते की हितंच, वारं लागायलंय." मी यायच्या आधीपासून, बारा वर्षं त्यांना वारंच लागतंय. आमच्या घरातलं पाणीसुद्धा त्यांनी कधी घेतलं नाही. पुढं सावित्रीबाईंनी 'आत या' म्हणणं सोडून दिलं. बोलणं, हसणं, चेष्टा, सगळं चालू राहिलं. उंबरा तेवढा मध्ये राहिला.

"ए भीमराजा! फोन वाजायलाय की!" त्यांनी बाहेरून हाक दिली. "घरात कोणीच न्हाई व्हय?"

मान लांब करून त्यांनी आत पाहिलं. दुसऱ्याचा फोन कसा उचलावा, असा चेहरा केला. आणि गेल्या.

फोन सहाव्यांदा वाजला. सातव्यांदा. आठव्यांदा.

मग वीज गेली.

टेबलाखालचा यूपीएस कुई-कुई करू लागला. नवा होता तेव्हा अर्धा तास टिकायचा, आता दहा मिनिटं टिकला तरी खूप. तो संपला की पडदा काळा होणार. मग मला उघडायला वीज येईपर्यंत थांबायचं, आणि आमच्याकडं दुपारची गेलेली वीज कधी येते ते कुणी विचारत नाही.

ज्यांनी मला घडवलं, त्यांना एक सांगायचंय. पुढं सांगायला मिळेल न मिळेल. मी पडद्यावर फार छान दिसते म्हणून लोक मला नावाजतात, तुम्हालाही बरं वाटत असेल. पण माणसं मरायला टेकतात ती टेबलापाशी नाही. ती बसमध्ये असतात, दवाखान्याच्या फरशीवर असतात, दुसऱ्या जिल्ह्यात असतात. मला खिशात मावेल एवढी करा. दिसायला ओबडधोबड केलीत तरी चालेल. आणि जमतच नसेल, तर त्या पोरीला 'नोंदवून घेतलं' म्हणू नका. नाही म्हणा. नाही म्हटलं असतं, तर तिनं ते नाव तळहातावर गोंदून घेतलं असतं.

कुई-कुई वाढत चालली. दोन कुईंमधलं अंतर कमी होत चाललं.

"अगं बया, काय जळायलंय का काय आत?" भिंतीपलीकडून सोजराबाईंचा आवाज आला. मग अंगणात चपलांचा आवाज. "भिंत तर आमची बी हाय! ए भीमराजा! आग-बिग लागली की काय रं?"

त्या दारात आल्या. वास घेतला. कुईकडं पाहिलं, मागं वळून रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. चपला त्यांनी बाहेर काढल्या, लुगड्याचा ओचा सावरला, आणि उंबरा ओलांडून थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाचता येतं का, मला माहीत नाही.

मोबाइल वाजला. नववी वेळ. पडद्यावर ज्योत्स्ना, कॉलेजच्या ओढणीत, जरा घाबरून हसणारी.

सोजराबाईंनी हात पुढं केला, मागं घेतला, पदराला पुसला.

"पोरगी हाय की ही," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग त्यांनी तारेसकट तो उचलला, बोट या बाजूनं सरकवलं, त्या बाजूनं सरकवलं, आणि कानाला लावला.

"हॅलो? ज्योत्स्ने, रडू नको. मी सोजरामावशी बोलायले. तुमच्या घरात हाय, आत हाय. बोल पोरी, काय बघू?"